उद्यापासून नेहमीसारखं

मे महिन्यात सांगलीला मामीकडे गेले होते, तिथली पहिल्याच सकाळची गोष्ट. आदल्या रात्री पोचायला बराच उशीर झाला होता. पेठ नाक्यावरून आत वळल्यावर गाडी रखडत रखडत चालली होती आणि आष्टा गेल्यावर तर मला बसल्या जागी झोपच लागली. त्यामुळे सकाळी जाग आली तेव्हा क्षणभर आपण कुठे आहोत तेच कळेना. वर काळ्या तुळया, भिंतीत दिव्याचा कोनाडा, आणि बाहेर कुणीतरी दाराची कडी वाजवत होतं. मग मामीच्या सपाता फरशीवरून घासत सोप्यात गेल्या, पातेलं ठेवल्याचा आवाज आला. दूधवाला पोरगा म्हणाला, "पाव्हणं आल्यात जणू आज्जी?" मामी म्हणाली, "व्हय रे, भाची आलीय पुण्याची. आज अर्धा लिटर जास्ती घाल. उद्यापासून नेहमीसारखं."

बस्, एवढंच. ती आत आली, दूध तापत ठेवलं, मला म्हणाली, "उठलीस का गं बाळ, झोप की अजून."

मी उठले नाही. पडून राहिले आणि खाटेशेजारच्या माझ्या बॅगेकडे बघत राहिले. बॅगेत आठ दिवसांचे कपडे होते. चार कॉटनच्या साड्या, तीन ड्रेस, दुपारी वाचायला दोन पुस्तकं, गुडघ्याचं तेल. परतीचं रिझर्वेशन केलं नव्हतं, मुद्दामच नव्हतं केलं. फोनवर मी फक्त "शनिवारी येते" एवढंच सांगितलं होतं आणि मनात असं होतं की तिथे गेल्यावर मामी विचारेल, मग की नाई, किती दिवस आहेस, आणि मी म्हणेन, आहे की आता भरपूर. ते वाक्य मी सातारा मागे टाकेपर्यंत मनातल्या मनात दहादा तरी म्हणून बघितलं होतं. पण मामीने विचारलंच नाही. तिने न विचारताच दुधाचा हिशोब लावून टाकला होता, आणि त्या हिशोबात रागाचा किंवा टोमण्याचा मागमूस नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं.

या फेब्रुवारीअखेर मी रिटायर झाले. बँकेत सदतीस वर्षं झाली. ज्यांनी बँकेत काम केलंय त्यांना सांगायला नको, आपलं वर्ष जानेवारीत सुरूच होत नाही, ते एकतीस मार्चला संपतं आणि मधली सगळी सणवार-लग्नकार्यं त्या दोन टोकांमध्ये बसवायची असतात. फेअरवेलला शाल-श्रीफळ झालं, चांदीचा छोटा गणपती दिला, सगळे खूप चांगलं बोलले, आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला मी डबा भरायला ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. पहिले काही आठवडे असेच गेले. भेटेल तो विचारायचा, आता काय प्लॅन? मैत्रिणींच्या ग्रुपवर मे महिन्यातल्या शिमला-मनालीचं ठरत होतं, पैसे कधी भरायचे, थर्मल घ्यायचे की तिथे भाड्याने मिळतात वगैरे, आणि मी त्यात जाणारही होते. पण नाव द्यायच्या दिवशी माझ्याच लक्षात आलं की रिकामा, अख्खा, कुणाला न विचारता मिळालेला असा मे महिना माझ्या आयुष्यात दहावीनंतर पहिल्यांदाच आलाय. आणि मे महिना म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर बर्फ येतच नाही. मला ओल्या केलेल्या गच्चीचा वास येतो.

म्हणून सांगली.

मधली जी वर्षं गेली त्यात मी सांगलीला गेलेच नाही असं नाही. जात होते. पण ते जाणं कसं, तर दोन सीएल आणि त्याला जोडून रविवार, किंवा कुणाचं लग्न, मुंज, नाहीतर दहावा-बारावा. रात्रीच्या गाडीने जायचं, सकाळी आंघोळ करून कार्याला उभं राहायचं, संध्याकाळी मामीकडे तासभर टेकायचं, तिने डब्यात भरून दिलेलं भडंग घ्यायचं आणि परत. बाकी वर्षभर फोन. आणि पावसाळ्यातला फोन म्हणजे एकच प्रश्न, "आयर्विनला किती?" सांगलीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १९२९ सालच्या त्या पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात, चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि जुलै-ऑगस्टात गावभागातल्या प्रत्येक घरात उठल्या उठल्या हाच आकडा विचारला जातो. मी पुण्यात बसून विचारायचे, मामी सांगायची, "अठ्ठावीस हाय, उतरायला लागलंय," आणि आम्हा दोघींनाही वाटायचं की बोलणं झालं. एक गोष्ट मला अलीकडे फार छळते. पुण्यात आमच्याकडे चितळ्यांचं दूध येतं, म्हणजे भिलवडीचं. भिलवडी सांगलीपासून ती किती लांब. तिकडचं दूध इतकी वर्षं रोजच्या रोज पुण्याला माझ्या दारात येत होतं, आणि मला मात्र उलट जायला रजा मिळत नव्हती.

लहानपणीचा मे महिना मी इथे सगळा सांगत बसत नाही, ज्यांना मामाचं गाव होतं त्यांच्याकडे स्वतःचा आहे. पण मामीच्या घरचं थोडं सांगायलाच हवं. आम्ही पुण्याचे चौघं, मुंबईच्या मावशीकडचे पाच, घरातले मामा-मामी, दोन मामेभाऊ आणि आजी-आजोबा. पंधरा माणसं. सकाळी मामाबरोबर घाटावर पोहायला, पाठीला डबा बांधून. मामा छातीभर पाण्यात उभा राहायचा आणि म्हणायचा, हात मार, पाय मार, मी हाय हितं, आणि हळूच दोन पावलं मागे सरकायचा. परत येईपर्यंत भूक अशी लागलेली असायची की परड्यातूनच ओरडत यायचो. गच्चीवर वाळवणं असायची, गव्हाच्या कुरडया, सांडगे, त्याची राखण आमच्याकडे, आणि राखणदारालाच पहिला चीक वाटीत मिळायचा, गरम, वरून दूध-साखर घालून. माडीवर अंधाऱ्या खोलीत पायरीची अढी लावलेली. रात्री गच्चीवर पाणी मारायचं, तापलेल्या फरशीतून वाफ उठायची आणि तो वास. मग ओळीने गाद्या. एखादा दिवस सगळ्यांची वरात नरसोबाच्या वाडीला, तिथली बासुंदी, परतताना एसटीच्या खिडकीत डोकं टेकून झोप. एखादी संध्याकाळ चालत हरिपूर, दोन्ही बाजूंनी झाडांची सावली असलेला तो रस्ता, शेवटी संगमेश्वराचं देऊळ आणि खाली कृष्णेला वारणा मिळते तो घाट.

मामा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होता, त्यामुळे हरिपूरला त्याच्या ओळखी फार. तिथे जमिनीत हळदीची पेवं होती. वरून बघितलं तर नुसतं एक माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आणि खाली पोटात कितीतरी पोती हळद. तिथली मातीच अशी की हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरत नसत, आतली कोंदलेली हवा जाऊ द्यायची, मग दिवा खाली सोडून बघायचा, विझला नाही तर माणूस उतरणार. मामाने एकदा आम्हा पोरांना ते दाखवलं होतं. काठावर पोटावर झोपून आम्ही खाली जाणाऱ्या त्या कंदिलाकडे बघत होतो आणि खालून हळदीचा उग्र, ओलसर, डोक्यात जाणारा वास येत होता. २००५ च्या पुरात पेवांमध्ये पाणी शिरलं, हळद कुजली, आणि त्या धंद्याचं कंबरडंच मोडलं. मामा तेव्हा रिटायर होऊन घरीच होता, पण ती बातमी आली त्या दिवशी जेवला नाही असं मामी सांगते. २०११ साली तो गेला.

तर यंदाच्या त्या दुसऱ्या सकाळी मी जागीच होते. कडी वाजली. मामी गेली. पोराने विचारलं, आज किती? मामी म्हणाली, "आज घाल अर्धा जास्ती, आहे अजून. उद्यापासून नेहमीसारखं." तिसऱ्या दिवशीही तेच. मी चहा घेताना शेवटी म्हटलंच, "मामी, मी आठ-दहा दिवस आहे गं. मला आता रजा घ्यावी लागत नाही." ती माझ्याकडे बघून हसली, म्हणाली, "राहा की. घर तुझंच आहे." आणि चौथ्या दिवशी दारात परत, उद्यापासून नेहमीसारखं. तिला माझं बोलणं ऐकू गेलं नव्हतं असं नाही. कान चांगले आहेत तिचे, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. तिचा त्या बोलण्यावर विश्वास बसला नव्हता.

सकाळी मी घाटावर जायचे. पोहायला नाही. मे महिन्यात नदी अगदी खाली गेलेली असते, सरकारी घाटाच्या पायऱ्या उघड्या पडतात, काठाला हिरवट चिकट थर आणि त्यात अडकलेल्या निर्माल्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या. पूर्वी या दिवसांत इथे पोरांची जत्रा असायची. आता कृष्णेत मगरी दिसतात, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात माणसांवर हल्ले झालेत, आया पोरांना सोडत नाहीत, आणि मला विचारलं तर बरोबरच करतात. तरी चार-पाच म्हातारे रोज उतरत होते. एकाने मला विचारलं, "कुणाच्या गं तू?" मी मामाचं नाव सांगितलं. "दिवाणजींची भाची व्हय! पुण्याची का मुंबैची?" साठ वर्षांच्या बाईला कुणीतरी अजून भाची म्हणून ओळखतं हे ऐकून घशाशी आलं माझ्या. पाणी उतरलं की आयर्विनच्या दगडी खांबांवर जुन्या पुराच्या खुणा दिसतात. २०१९ ला सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं पाणी. त्या ऑगस्टात मामी विश्रामबागेत एका नातेवाइकांकडे होती तीन आठवडे. रस्ते बंद होते, हायवेसुद्धा बंद, मी जाऊ शकले नाही हे खरं. पण रस्ते सुरू झाल्यावरही मी एकच दिवस गेले. चादरी, भांडी, फिनेल, औषधं असं सगळं गाडीत भरून घेऊन गेले, भिंतींवर छातीच्या वर गेलेली चिखलाची रेघ बघितली, दिवसभर घासलं-पुसलं आणि रात्रीच्या गाडीने परत, कारण दुसऱ्या दिवशी ऑडिट होतं. त्या वेळी मला वाटलं होतं की मी खूप केलं.

पाचव्या दिवशी दुपारी मामी झोपली होती आणि मी पापडाचा डबा ठेवायला माळ्यावर चढले. तिथे एका कोपऱ्यात सुतळीने बांधलेले गठ्ठे होते. मला वाटलं रद्दी. काढून बघितलं तर कालनिर्णय. कालनिर्णय निघालं तेच १९७३ साली, आणि मामाने पहिल्या वर्षापासूनची सगळी जपून ठेवली होती, दहा-दहा वर्षांचा एक गठ्ठा. माळ्यावर होती म्हणून पुरांतून वाचली, थोडी ओल धरून कडा तपकिरी झाल्यात एवढंच. मी खाली घेऊन आले आणि सोप्यात पंख्याखाली बसून उघडायला लागले. प्रत्येक तारखेच्या चौकोनात खाली कोपऱ्यात मामाच्या दिवाणजी अक्षरात दुधाचा आकडा होता. जुन्या पद्धतीने. दीड म्हणजे १॥. अडीच म्हणजे २॥. रोजचा आकडा १॥, आणि पाहुणे असले की बदललेला. आणि बदलला की शेजारी कारण. नावं नाहीत, गावं. जमाखर्चाच्या वहीत व्यापाऱ्यांची लिहितात तशी. "पुणे आले." "मुंबई आले." "पुणे गेले."

१९७४. तीन मे, पुणे आले, २॥. पाच मे, मुंबई आले, ४. मग ते ४, ४, ४ असं पानभर खाली उतरत गेलंय, अख्खा मे संपून पुढच्या पानावर, नऊ जूनला पुणे गेले. मी नऊ वर्षांची होते. ७५ साली तसंच, ७६ ला तसंच, एका वर्षी मध्येच चार दिवस ५ झालेत, तेव्हा कोण आलं होतं काही आठवत नाही, आणि माझी बोटं त्या चौकारांवरून अशी फिरत होती की जणू तो गच्चीवरचा वास त्या कागदातच आहे. मग ८०-८१ पासून महिना आखडायला लागला. पंधरा दिवस. दहा. मुंबईचे बंद झाले. ८८ ला मी नोकरीला लागले आणि त्यानंतर "पुणे" शब्द मे महिन्यात फार क्वचित सापडतो. तो कुठेतरी फेब्रुवारीत, नोव्हेंबरात, एकटाच एखाद्या चौकोनात, आणि त्याच चौकोनात आले आणि गेले दोन्ही. पुढच्या दिवशी आकडा पुन्हा पहिल्यासारखा. २०११ नंतर अक्षर बदलतं. मामीचं मोठं, वाकडं, बॉलपेनने दाबून लिहिलेलं. ती गाव लिहीत नाही, कुणी आलं-गेलं लिहीत नाही. फक्त आकडा. पण कुठल्या तारखेला अर्धा जास्त आहे ते बघून मला प्रत्येक वेळी सांगता येत होतं की ही मी. २०१९ च्या ऑगस्टची चौकोनं कोरी आहेत, आणि त्यावर तिरकं एकच अक्षरजोड, पूर. मग सप्टेंबरात एक दिवस अर्धा जास्त.

सदतीस वर्षांतले ते अर्धे-अर्धे लिटर मी मोजले. बेरीज सांगत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. मी परत ७४ वर गेले, चांगलं वाटावं म्हणून. नऊ जून, पुणे गेले. आणि त्याच्या खालीच, दहा जूनच्या चौकोनात, "ही तासगावास." आकडा १. चौदा जूनला पुन्हा १॥. मी ७५ बघितलं. आम्ही सात जूनला गेलो, आठला "ही तासगावास", चार दिवस. ७६, ७७, ७८. दरवर्षी. आम्ही गेलो की दुसऱ्या दिवशी ही तासगावास, आणि चार नाहीतर पाच दिवसांत परत, कारण तोपर्यंत पोरांच्या शाळा. तासगाव मामीचं माहेर. मला माहीत होतं की तासगाव तिचं माहेर आहे, पण हे कधी डोक्यात आलंच नव्हतं की जगातल्या सगळ्या मुली मे महिन्यात माहेरी जातात तेव्हा मामी कुठे असायची. ती इथे होती. ती पंधरा माणसांचा चहा करत होती. ७४ साली ती तेहतीस वर्षांची होती, माझ्या मुलीच्या आत्ताच्या वयापेक्षा फक्त दोन वर्षांनी मोठी. आंबा संपून, पाऊस तोंडावर आल्यावर, आमचं अंथरूण-पांघरूण धुऊन वाळत घालून ती चार दिवस माहेरी जायची. माझा जो अख्खा चाळीस दिवसांचा मे महिना, ज्याच्या आठवणीवर मी बँकेतल्या कितीतरी वाईट दुपारी काढल्या, तो कुणाच्या तरी मे महिन्यातून काढून मला दिलेला होता.

मामी उठली तेव्हा मी तशीच बसले होते. चारी बाजूंना कालनिर्णय. ती म्हणाली, "अगं काय हे धुळीचं काढलंस." मी तिला दाखवलं, ही तासगावास. तिने चष्मा लावला, अक्षरावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ही म्हणून लिहायचे बघ. नाव नाही लिहिलं कधी." मी विचारलं, "तुला वाईट वाटायचं नाही का गं मामी, आम्ही असे महिना महिना येऊन बसायचो." तिने लगेच नाही म्हटलं नाही, आणि त्यासाठी मी तिची आयुष्यभर ऋणी राहीन. ती म्हणाली, "वाटायचं की. तुझी आई गच्चीत केस सोडून बसायची वाळवत, माहेरी आल्यासारखी. आल्यासारखी म्हणजे काय, माहेरीच आलेली होती ती. मी खालून बघायची. वाटायचं, आपल्या आईनं पण अशीच वाट बघितली असंल." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "पण तुम्ही गेला की घर खायला उठायचं. मग तासगावात पण करमायचं नाही." दोन्ही खरंच असणार. मी पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओळखीच्या पोराची गाडी सांगितली आणि तिला म्हटलं, चल, तासगावला जाऊन येऊ. तिने आधी गुडघे सांगितले, ऊन सांगितलं, मग भाजी निवडायची आहे म्हणाली, आणि शेवटी साडी बदलायला आत गेली ती चांगली अर्ध्या तासाने बाहेर आली, जांभळी इरकल नेसून. पंचवीस-तीस किलोमीटरचा तर रस्ता. दोन्हीकडे द्राक्षाच्या बागा, छाटणी होऊन गेलेल्या, नवी फूट धरलेल्या, आणि मधे मधे बेदाण्याची शेड, हिरव्या जाळीची, आता रिकामी. मामी खिडकीतून बघत प्रत्येक गावाचं नाव आधीच सांगत होती. माहेरचं घर आता नाही, भावांनी विकलं, भाऊही आता नाहीत, तिथे चार मजली बिल्डिंग आहे आणि खाली मोबाईलचं दुकान. मी विचारलं, थांबायचं का, तर म्हणाली नको, देवळाशी घे. तासगावच्या गणपतीचं ते सात मजली गोपुर, आपल्याकडे असं क्वचितच दिसतं, दक्षिणेतल्या देवळासारखं. परशुरामभाऊ पटवर्धनांचं देऊळ. ती गोपुराच्या सावलीत पायरीवर बसली आणि वर बघायला लागली. ऋषिपंचमीला इथे रथ निघतो, माणसं दोर धरून ओढतात. मामी म्हणाली, लहानपणी तिचा हात त्या जाड दोरावर ठेवून तिचे वडील वरून आपला हात ठेवायचे, म्हणजे आपण ओढतोय असं तिला वाटायचं. लग्नानंतर तिने रथ एकदाही बघितला नाही. सांगलीच्या घरी गणपती असायचा, त्या दिवसांत घर सोडून कोण जाणार.

एवढंच झालं तिथे. तिने कुणाला शोधलं नाही, कुठल्या गल्लीत गेली नाही. पदराने चेहरा पुसला, माझ्या बाटलीतलं पाणी प्यायली, एका लहान मुलीला हातातला प्रसाद दिला. मग म्हणाली, "चल, ऊन चढतंय." परतताना तिने माझा हात धरला होता आणि कवलापूर मागे पडेपर्यंत सोडला नाही. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मी रडेन, पण आम्ही दोघी वाटेत रसवंती दिसली तिथे उसाचा रस प्यायलो, आलं-लिंबू घातलेला, बिनबर्फाचा, आणि तिने दुसरा ग्लास मागितला.

पुढचे चार दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही. मी भाजी निवडली, तिचं तेल लावून दिलं, पेन्शनच्या कागदांचं काम केलं, माडीवरच्या भाडेकरूच्या मुलीला गणितं शिकवली. एका संध्याकाळी वळवाने झोडपलं आणि लाईट गेले, तेव्हा दारात बसून आम्ही नुसत्या रस्त्याकडे बघत होतो. मनालीहून ग्रुपवर फोटो येत होते, सगळ्या टोप्या घालून बर्फात, छान दिसत होत्या. रोज सकाळी कडी वाजत होती आणि मामी तेच वाक्य म्हणत होती. सहाव्या-सातव्या दिवसापासून तो पोरगा विचारायचासुद्धा थांबला होता, आपणच अर्धा जास्त घालायचा, आणि मामी तरी म्हणायची, उद्यापासून नेहमीसारखं. मी ते ऐकत पडून राहायचे. आता ते लागत नव्हतं असं नाही, पण वेगळ्या जागी लागत होतं. सदतीस वर्षं "राहते" म्हणून संध्याकाळी गाडी पकडणाऱ्या माणसाबाबत दुसरा कुठला हिशोब ठेवणार ती? पातेल्यात जास्तीचं दूध तसंच राहिलेलं बघायला नको, म्हणून आधीच सांगून ठेवायचं.

निघायच्या दिवशी मी पहाटेची एसटी पकडली. मामी चार वाजताच उठून बसली होती, भडंगाची पिशवी, चटणी, कुरडया, आणि कागदात गुंडाळलेलं एक हळकुंड. माझ्या हातावर साखर ठेवली. मी म्हटलं, श्रावणात येते, नाहीतर गणपतीला नक्की, आणि मग ऋषिपंचमीला आपण रथ बघायला जाऊ. ती म्हणाली, "ये की." दूधवाला यायला अजून वेळ होता, त्यामुळे त्या सकाळी दारात ती काय म्हणाली ते मला ऐकायला मिळालं नाही. रस्ताभर माझ्या डोक्यात तेच होतं. इस्लामपूर गेलं, कराड गेलं, सातारला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून चहासुद्धा प्यावासा वाटला नाही.

रात्री आठला फोन केला, पोचले म्हणून सांगायला. जेवलीस का वगैरे झालं. मी विचारलं, काय करत होतीस?

"काय नाही गं. दूध उरलं होतं आज, विरजण लावत होते."